बांगड्यांच्या कंपनीची माणसं

फाउंडेशनला नवीन काही नको होतं. त्यांच्या मेलमध्ये तसं स्वच्छ लिहिलं होतं: ज्या कामाचा उपयोग सिद्ध झालेला आहे, त्याच्याच विस्तारासाठी अनुदान मिळेल. म्हणजे स्वयंपाक तुम्ही करायचा, चव शेजाऱ्यांनी घेऊन सांगायची, कुणाचं पोट बिघडलं नाही याची खात्री पटली की मग हे पाटावर येऊन बसणार. आणि वर विचारणार, हाच वरणभात नव्वद गावांत कधी वाढाल?

आमचं काम सिद्ध झालेलं होतं, ही आमची चूक.

वलवणला आमची छोटी संस्था. ओंकार सर प्रमुख, बाकी सगळं मी, आणि कामाचा जीव म्हणाल तर कौसर. कौसर मणियार. तिच्या सासूच्या सासूपासून घरात बांगड्यांचा धंदा. मावळातल्या खेड्यांत ती पाठीवर बोचकं टाकून घरोघर जाते, आणि तिला कुणी उंबऱ्यावर अडवत नाही. बांगडीवाली आली की पुरुष आपोआप ओटीवरून उठतात. पहिला हात सासूचा. तिचा चुडा भरून झाला की तिला तो शेजारी नेऊन दाखवायची घाई असते. ती गेली की सुनेची पाळी. सुनेचा हात कौसरच्या हातात, आणि घरात दुसरं कुणी नाही.

एवढाच आमचा कार्यक्रम. तेवढ्या वेळात सून बोलते. दुसरं मूल एवढ्यात नको, अंगात ताकद नाही, घरात ऐकत नाहीत. मग उपकेंद्रातल्या समरीन सिस्टरांनी दिलेलं गोळ्यांचं पाकीट बांगड्यांच्या कागदात गुंडाळून तिच्या ट्रंकेत जातं. पुण्याच्या एका कॉलेजने येऊन सर्वेक्षण केलं आणि सांगितलं, तुमच्या गावांत दोन बाळंतपणांत अंतर वाढलंय, बायकांचं रक्त वाढलंय. का वाढलं ते त्यांना नीट उमगलं नाही. ओंकार सरांनी अहवालात 'विश्वासू महिला संपर्कदूत' असं लिहिलं. कौसरला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "दूत? म्या काय जीव न्ह्यायला येती व्हय?"

मेल आला त्या दिवशी ओंकार सर ऑफिसात उभ्यानेच चहा प्यायले. मार्चनंतर संस्थेच्या खात्यात काही उरणार नव्हतं, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं.

"राजेश्वरीताई, मिळालं तर पाच वर्षं बघायला नको. फक्त एक भेट. फाउंडेशनच्या मॅडम स्वतः येणारेत. त्यांना तो क्षण बघायचाय."

"कुठला क्षण?"

"बांगड्या भरतानाचा. मी परंदवडी सांगितलीय. गाडी दारापर्यंत जाते. सृष्टीचं घर."

मी कप खाली ठेवला. सृष्टी बाविशीची पोर. पहिल्या बाळंतपणात इतकं रक्त गेलं की तळेगावच्या दवाखान्यात तिला चार बाटल्या चढवाव्या लागल्या. दोन वर्षं दुसरं नको, असं डॉक्टरांनी नवऱ्याला आणि सासूला समोर बसवून सांगितलं. पण पहिली मुलगी झालेली. सासू झुंबरबाई म्हणाली, डाक्टरचं काय जातंय सांगायला. नवरा पप्पू कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतो, घरी आल्यावर आई चालवेल तसा चालतो. सृष्टीने कौसरला हात धरून सांगितलं होतं, "मामी, कळलं तर मला माहेरी धाडतील आन् पोरगी ठिवून घेतील." आणि त्या पोरीच्या ओटीवर आमचे सर मोटार भरून पाहुणे नेणार होते, कारण गाडी दारापर्यंत जाते.

"सर, तिच्या सासूला काही माहीत नाही."

"आपण काही बोलायचंच नाही. मॅडमना मी सांगितलंय. फक्त बघणार."

कौसरला सांगितलं तेव्हा तिने बोचक्याची गाठ सोडली आणि परत बांधली. "बघायला काय ती बाजारची म्हैस हाय का?" म्हणाली. आणि तरी आली. मीही गेले. कौसर एकटी पाठवली तर काय होईल आणि सर एकटे पाठवले तर काय होईल, या दोन भीतींमध्ये मी गाडीच्या मागच्या सीटवर बसले.

मॅडम वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर बरं झालं असतं. आवाज मऊ, मराठी जपून टाकलेलं. समोरच्याचं नाव प्रत्येक वाक्यात घ्यायचं, असं त्यांना कुणीतरी कुठेतरी शिकवलेलं असावं. "झुंबरबाई, नमस्कार झुंबरबाई. किती छान घर आहे, झुंबरबाई." झुंबरबाईने एवढ्या वेळा स्वतःचं नाव लग्नात उखाण्यातही ऐकलं नसेल. ती खूष. चहा ठेवला, कोंबड्या हाकलल्या, डोक्यावरचा पदर दोनदा सारखा केला.

मॅडमबरोबर कॅमेरा घेतलेला एक तरुण होता. त्याने डिकी उघडली आणि गुंडाळलेला एक फ्लेक्स बाहेर काढला. अंगणात, लिंबाला बांधायचा म्हणून. अर्धा उलगडला तोवर मी वाचलं. वर फाउंडेशनचं निळं चिन्ह, खाली कौसरसारख्याच कुण्या बाईचं चित्र, आणि मोठ्या मराठी अक्षरात: 'बांगडीवाली ताई: दोन बाळांत अंतर, सुखी संसाराचा मंतर'.

मंतर. यमक जुळलं म्हणून कुणाला तरी शाबासकी मिळाली असणार. मुंबईत, थंड खोलीत, काचेच्या टेबलावर.

झुंबरबाईला वाचता येत नव्हतं. पप्पूला येत होतं, आणि पहिली पाळी सुटून तो यायचीच वेळ होती.

मी उठले, त्या पोराच्या हातून फ्लेक्स घेतला, "अहो, खाली किती धूळ आहे, बसायला घालू या," म्हणत सर्रकन उलटा अंथरला. पांढरी बाजू वर. आणि स्वतः पहिली बसले, मध्यभागी, मांडी ठोकून. "या मॅडम, बसा." त्या पोराने तोंड उघडलं. कौसरने त्याचा कॅमेऱ्याचा पट्टा धरून त्याला खाली ओढलं. "बस बाबा, पाय दुखत्याल." ओंकार सर माझ्याकडे असे पाहत होते, जसं मी त्यांचं लग्न मोडलंय.

कौसरने झुंबरबाईचा हात घेतला आणि दाबून दाबून हिरव्या बांगड्या चढवायला लागली. कॅमेरा सुरू झाला. इथवर निभलं होतं. पण मॅडमना क्षण सापडत नव्हता. त्या पुढे वाकल्या.

"झुंबरबाई, मला सांगा झुंबरबाई, कौसरताई यायला लागल्यापासून तुमच्या सुनेमध्ये काय बदल झाला?"

आतल्या दाराशी सृष्टी पोरीला काखेत घेऊन उभी होती. तिने चौकट धरली.

"बदल?" झुंबरबाई म्हणाली. "ह्यो कसला सवाल? कोण म्हनायचं तुमी?"

ओंकार सरांनी घसा खाकरला. "मावशी, म्हणजे असं बघा, या फाउंडेशनच्या..."

"बांगड्यांच्या कंपनीच्या आहेत," मी म्हणाले. "मुंबईच्या. बांगडी घालून बायकांना कसं वाटतं, टिकते का, हे विचारत फिरतात."

मॅडम मला म्हणाल्या, "कंपनी? नाही, राजेश्वरीजी, आम्ही..."

"व्हय, कंपनीच," कौसर म्हणाली. "लय मोठी. मावशी, तुमी बोला की बिनधास्त. तुमच्यावाचून कोन सांगनार त्यास्नी."

आणि झुंबरबाई बोलली. देवा, काय बोलली. हल्लीच्या काचेत दम नाही. भाकरी थापताना तडा जातो. पूर्वी एक चुडा नागपंचमीपासून संक्रांतीपर्यंत जायचा, आता पंधरा दिवसांत हात भुंडा. रंगही उडतो. आणि भाव? कंपनीला लाज नाही. सुनेमध्ये बदल विचारता, सुनेच्या हातातल्या तर आठवड्यात जातात, कारण ती भांडी आपटते. कॅमेरा सगळं टिपत होता. मॅडम मान हलवत होत्या, कारण मान हलवणं हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं.

मग त्यांना सृष्टीशी एकटीशी बोलायचं होतं. संमतीपत्र काढलं. इंग्रजीत. सृष्टीने ते पोरीच्या हाताला लागू न देता दोन बोटांत धरलं आणि म्हणाली, "मला न्हाई काय म्हाईत." तिचा आवाज एवढा खाली गेला की मॅडमना परत विचारावं लागलं. ती परत तेच म्हणाली.

उठायची वेळ आली. झुंबरबाईने फ्लेक्सचं टोक धरलं. "ह्यो राहू द्या. खुराड्यावर घालते. पावसाचं बरं पडंल."

मी दुसरं टोक दाबून धरलं. "मावशी, कंपनीचा आहे तो. परत द्यावा लागतो."

"येवढी मोटार घिऊन आली कंपनी, आन् चिंधी परत मागती?"

"हिशेब लागतो मावशी."

"मेली भिकारडी कंपनी," झुंबरबाई म्हणाली आणि टोक सोडलं. मी तो पांढरी बाजू बाहेर ठेवून घट्ट गुंडाळला. फाटकातून पप्पू मोटारसायकल आत घेत होता. तो आम्हाला पाहून हसला, बाजूला झाला. गुंडाळी माझ्या काखेत होती.

गाडी सोमाटण्याकडे निघाली तेव्हा मॅडम बोलल्या. रागावल्या नव्हत्या. त्यांना रागवायची परवानगी नसावी.

"राजेश्वरीजी, मला खरंच समजून घ्यायचंय. कम्युनिटीला प्रोग्रॅमच माहीत नाही."

"सासूला माहीत नाही, म्हणून तर चालतो, मॅडम."

"पण मग तो दाखवायचा कसा?"

"नाही दाखवायचा."

"आमच्या बोर्डाला काहीतरी बघायला लागतं. चेहरे आम्ही ब्लर करतो, राजेश्वरीजी. प्रायव्हसीची काळजी घेतो."

"चेहरा ब्लर कराल. झुंबरबाईची ओटी, लिंब, दारातली मोटारसायकल? परंदवडीत शेंबडं पोर सांगेल कुणाचं घर ते."

त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. कौसर माझ्या शेजारी झोपेचं सोंग घेऊन बसली होती. पुढच्या सीटवर ओंकार सरांची मान मला मागून दिसत होती, लाल झालेली. त्या मानेची मला दया आली. तिशीचा मुलगा, पिंपळे सौदागरला फ्लॅटचे हप्ते, आणि दर वर्षी मार्च. पण दया येणं वेगळं आणि एका पोरीचं मूल पणाला लावू देणं वेगळं.

नकाराचा मेल यायला वेळ लागला नाही. काम कौतुकास्पद आहे, परंतु समाजाचा सहभाग आणि जाणीव कमी आढळली. अनुदान मिळालं दुसऱ्या एका संस्थेला. त्यांची शाळकरी मुलं हात धुण्याचं गाणं म्हणतात. गाणं दाखवता येतं. हात कोण धुतं ते पाहायला नंतर कुणी जात नाही.

ओंकार सर महिन्याभरात एका सल्लागार कंपनीत लागले. संस्थांना अनुदान कसं मिळवावं, ते शिकवतात. जाताना माझ्याशी नीट बोलले नाहीत. मी डबा दिला तो मात्र घेऊन गेले. ऑफिसला कुलूप लागलं.

उपकेंद्र सरकारी, समरीन सिस्टर तिथेच. गोळ्या फुकट. बंद झालं ते कौसरचं मानधन आणि माझा पगार. कौसर म्हणाली, "माझ्या बांगड्या तर चालूच हायती. पर येक सांगते ताई, सासू हल्ली लवकर परत येती. येकीला दोघी सांभाळनं व्हत न्हाई. तुमी या संगट."

"मला बांगडी भरता येत नाही, कौसर."

"तुमाला काय यायला पायजे? तुमी कंपनीच्या."

श्रावणात आम्ही परंदवडीला गेलो. मी ओटीच्या पायरीवर पाय ठेवला आणि झुंबरबाईने मला ओळखलं.

"हां! आली का कंपनी! बस हितं. आठ दिस न्हाई टिकल्या तुमच्या बांगड्या. चार वाढावल्या. ह्यो बघ हात."

"दाखवा," मी म्हणाले.

"आन् ती बाई, सारखं माजं नाव घेत व्हती ती? तिनं काय क्येलं? आमी येवढं बोललो, फोटू काढलं, काय सुदारलं का?"

"काही नाही केलं, मावशी."

"मला म्हाईतच व्हतं." कौसरने नवा चुडा भरल्यावर ती शेजारी जायला निघाली होती, ती परत मागे फिरली आणि माझ्यासमोर फतकल मारून बसली. आत कौसरने दार लोटलं. सृष्टीच्या पोरीचं हसणं ऐकू आलं, मग बांगड्यांचा आवाज, मग काहीच नाही.

"ती मुंबईवाली नसंल आयकत," झुंबरबाई म्हणाली, "पर तुला सांगते. लिहून घे पायजे तर."

"सांगा मावशी," मी म्हणाले आणि तिचा हात माझ्या मांडीवर घेतला. "अगदी पहिल्यापासून सांगा. मला काही घाई नाही."