फेट्याखाली कुणी नव्हतं

आमच्या ट्रेकच्या ग्रुपचा म्होरक्या अमरसिंह, त्याच्या हातात माईक आला की मला उठून जावंसं वाटतं. परवाच्या सत्कारातही तेच झालं. दारात ढोल-ताशा, आत स्टेजमागं भलामोठा फ्लेक्स. त्यावर आमचा ट्रेकचा ग्रुप बर्फात उभा, प्रत्येकाच्या डोक्याला भगवा फेटा आणि वर लिहिलेलं, 'हिमालयाला नमवणारे कोल्हापूरकर'. हिमालय नमला म्हणे. तो अंगावर आला होता आणि माझा नवरा महावीर त्याच्याखाली गाडला गेला होता.

गेल्या वर्षी एप्रिलअखेरीला आम्ही दोघं अमरसिंहाबरोबर हिमाचलात गेलो होतो. यंदा आमची लेक स्नेहल निघाली होती, त्याच माणसाबरोबर आणि त्याच वाटेनं. सत्कारात जुन्यांना शाल आणि नव्या बॅचला फेटा, असा बेत होता. नको पाठवायला म्हणून मी घरी घसा कोरडा केला, तर महावीर म्हणाले, "फेट्यानं वाचवलंय मला. तिला काय हुतंय?"

काय झालं होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. खिंडीखाली बर्फाचा एक उभा उतार आडवा पार करायचा होता. तिथल्या गाईडनं आदल्या संध्याकाळी सगळ्यांना बसवून सांगितलं होतं की या दिवसांत रात्री बर्फ गोठून घट्ट होतो, पण ऊन लागलं की सैल पडतो आणि अख्खा थर खाली सुटतो. त्यामुळं उजाडताच निघायचं. एकेकानं पलीकडं जायचं, बाकीच्यांनी कडेला थांबून त्याच्यावर नजर ठेवायची. मध्ये थांबायचं नाही आणि फावडी पाठीवर पाहिजेतच. सगळ्यांनी माना हलवल्या.

सकाळी उठून ग्रुपवाल्यांनी आधी रस्सा शिजवला. बर्फात, भल्या पहाटे, तांबडा रस्सा. आम्ही दोघं जैन, चिवडा खाऊन कधीच तयार होतो. रस्सा ओरपून झाल्यावर फेटे. बर्फातला फोटो फेट्यातच काढायचा, ही ग्रुपची परंपरा. बांधणारे दोघंच, त्यामुळं एकेक डोकं पुढ्यात घेऊन त्यांचं पीळ घालणं चाललेलं. तोवर ऊन डोक्यावर आलं आणि पायाखालचा बर्फ भिजल्या साखरेसारखा झाला. फावडी अमरसिंहानं तंबूतच ठेवायला लावली. "हितं काय पाया खणायचाय व्हय?" म्हणाला. एकेकानं जायचं आहे, अशी मी आठवण केली, तर म्हणतो, "वहिनी, कोल्हापूरकर एकटा जात नसतोय. समदी संगट." मग उताराच्या बरोबर मधोमध सगळे खांद्याला खांदा लावून फोटोला उभे राहिले. गाईड कडेवरून ओरडत होता, त्यालाही सगळे हसले. आठवलं तरी किळस येते मला.

वर धप्प असा आवाज झाला आणि उतार सुटला. आम्ही लोळत कडेला फेकले गेलो. उठून बघते तर महावीर नाहीत. त्यांचा फेटा तेवढा बर्फावर पडलेला. सगळे तिथं तुटून पडले, हातांनी, जेवणाच्या ताटल्यांनी उकरायला लागले. फेट्याखाली बर्फच होता, तरी अमरसिंह "अजून खाली, अजून खाली" करत होता. गाईड मात्र बराच खाली उतरून लांब सळई खुपसत चालला होता. ती कशाला तरी अडली तेव्हा त्यानं मला हाक मारली. त्याच्याजवळच्या एकुलत्या एक फावड्यानं आम्ही महावीरना वर काढलं. ओठ निळे पडले होते आणि गुडघ्याचा चुराडा झाला होता.

दवाखान्यात ते शुद्धीवर आले तेव्हा उशाशी अमरसिंह बसलेला. "फेटा दिसला म्हणून घावलास, मर्दा." झालं, तेव्हापासून तो फेटा आमच्या काचेच्या कपाटात. मी खरं सांगितलं की महावीर म्हणणार, "तू घाबरलीवतीस, तुला काय दिसणार?" पाहुणे आले की कपाट उघडून दाखवणार. त्या कपाटाची धूळसुद्धा मी पुसत नाही.

परवा तोच फेटा घालून ते स्टेजवर बसले होते. स्वतःच्या डोक्यावरून उतरवून तो लेकीच्या डोक्यावर ठेवायचा, ही अमरसिंहाची कल्पना. स्नेहल पुढं येऊन वाकली. ढोल वाजायला लागला. मी उठले, स्टेजवर गेले, महावीरांच्या डोक्यावरचा फेटा उचलला आणि दिला समोर भिरकावून. तो पहिल्या रांगेत प्रमुख पाहुण्यांच्या, गणपतरावांच्या मांडीवर जाऊन पडला. ढोल थांबला.

"अमरसिंह," मी म्हटलं, "फेटा तितं पडलाय. खणा जावा तितं."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं.

"वहिनी, काय चाललंय हे?"

"महावीर हितं स्टेजवर हाईत आणि फेटा तितं. त्या दिवशी असंच झालतं. तुमी फेट्याखाली खणत बसलासा आणि ह्यो माणूस खाली गुदमरत हुता."

स्नेहल सरळ उभी राहिली. "काका, ह्या वर्षी फावडी घेणार हाय का?"

"फावड्याचं काय घिऊन बसलीस? आपुन समदी हाय की संगट," अमरसिंह म्हणाला.

महावीर माझ्याकडं बघत होते. हळूच म्हणाले, "त्येच्याखाली कुणीच न्हवतं?"

"बर्फ हुता," मी म्हटलं.

त्यांनी काठी घेतली आणि उठले. स्नेहलनं त्यांचा हात धरला. आम्ही तिघं मधल्या वाटेनं बाहेर निघालो. कुणी आमच्याकडं बघितलं नाही. मागं माईकवर अमरसिंह सांगत होता की वहिनींच्या भावना आपण समजून घेऊ. दारात पोचलो तोवर ढोल पुन्हा सुरू झाला. मी वळून बघितलं. गणपतरावांच्या मांडीवरचा फेटा उचलून कुणीतरी नव्या बॅचमधल्या पुढच्या मुलीच्या डोक्यावर ठेवला होता आणि तिची आई टाळ्या वाजवत होती.