टोकाचा आकडा

शाळा सुटल्यापासून धाकटीने, म्हणजे घरातल्या धाकट्या सुनेने, आकडेमोडीला दुरूनच नमस्कार केला होता. आपली मुलगी मोठी झाल्यावर तिने स्वतः कॉलेजात समाजशास्त्राला प्रवेश घेतला, तो माणसांबद्दल शिकायचं म्हणून. पहिल्याच सत्रात संख्याशास्त्र मानगुटीवर बसेल हे कुणी सांगितलंच नव्हतं. पण बाई हट्टी. सरासरी जमली त्या दिवशी तिने घरातल्या सगळ्यांना भिंतीला टेकवून उंच्या मोजल्या, आणि आपल्या घरात सरासरी उंचीचं कुणीच नाही हे जाहीर केलं.

मग प्रकल्प आला. तिने इमारतीतल्या बायकांना चिठ्ठ्या वाटल्या : रोज घरकामात किती तास जातात? नाव लिहायचं नव्हतं. बहुतेकींनी तीन, चार, पाच लिहिलं. तिने स्वतः दोन लिहिले. एका चिठ्ठीवर मात्र अकरा, आणि खाली ठसठशीत रेघ. अशी रेघ थोरलीच ओढते, हे ओळखायला संख्याशास्त्र लागत नाही.

थोरली म्हणजे तिची जाऊ. दोघी एकाच घरात. सासरे अंथरुणाला खिळलेले, आणि धाकटी सकाळी कॉलेजला गेली की सगळं थोरलीच्या अंगावर.

‘कणाचा मण करायची सवयच आहे ताईंना,’ धाकटी मनात म्हणाली. त्या अकरामुळे तिच्या देखण्या आलेखाला शेपूट फुटत होतं. तिने मॅडमना विचारलं.

“टोकाचा आकडा चुकीचा असेल तर काढता येतो,” मॅडम म्हणाल्या. “पण आधी विचारून खात्री करा.”

विचारायला फक्त स्वयंपाकघरात डोकवायचं होतं. धाकटी डोकावली नाही. उत्तर काय येईल ते ठाऊक होतं, म्हणूनच डोकावली नाही. आकडा काढला, सरासरी साडेतीन तास आली, आणि गुण वर्गात सगळ्यांत जास्त मिळाले. नवऱ्याने कौतुकाने तो कागद फ्रिजवर चिकटवला.

पुढच्याच आठवड्यात जेवताना थोरलीने विषय काढला. “बाबांकडे बघायला दिवसा एखादी बाई ठेवू या का? मला आता ते उचलवत नाहीत.”

थोरल्या दिरांनी फ्रिजकडे बोट दाखवलं. “साडेतीन तासांच्या कामाला बाई? अगं, आपल्या घरातल्या विदुषीच सांगतायत, वाच की!”

ते चेष्टेतच बोलले; माणूस वाईट नव्हे. थोरलीने कागद वाचला आणि वाढायला उठली. धाकटी मूग गिळून बसली. आपल्यासारखी नीच बाई दुसरी नसेल, असं तिला वाटलं, आणि तरी तिने ताट संपवलं.

दोन-तीन दिवस तिने थोरलीच्या नजरेला नजर दिली नाही. शेवटी राहवेना, तेव्हा मॅडमकडे गेली.

“मॅडम, तो आकडा खरा होता.”

“मग परत घाला,” मॅडम सहज म्हणाल्या. “आणि सरासरीऐवजी मध्यक सांगा. सगळे आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि मधला उचलायचा. टोकाला काहीही असलं तरी तो फारसा हलत नाही.”

धाकटीने घालून पाहिला. खरंच हलला नाही. रांगेच्या शेवटी उभी असलेली बाई आठ तास राबो की अकरा, मधलीला त्याचं काय! गणित अगदी बिनचूक होतं आणि धाकटीला रडू येत होतं. आता चूक दुरुस्त करायची तर तोंडानेच करायला हवी होती.

त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसल्यावर तिने फ्रिजवरचा कागद काढला. “दादा, यात एक आकडा नाहीये. अकरा तासांचा. तो ताईंचा होता, मी काढून टाकला.”

“का गं?” दिरांचा हात थांबला.

“आलेख चांगला दिसावा म्हणून. आणि ताईंच्या अकरात माझ्या वाटणीचं कामही आहे, ते कुणी विचारायला नको म्हणून. मी स्वतःचे दोनच लिहिलेत.”

दिरांनी बराच वेळ मिठाची वाटी इकडून तिकडे सरकवली. “उद्याच बाईची चौकशी करतो,” ते म्हणाले.

थोरली चिडेल, चार शब्द सुनावेल, याची धाकटी वाट बघत होती. सुनावले असते तर बरं झालं असतं.

“म्हणजे मी बरोबरच लिहिलं होतं?” थोरलीने विचारलं.

“हो, ताई.”

“मला वाटलं, माझाच हात जड झालाय. बाकीच्यांचं साडेतीन तासांत उरकतं म्हणे.” ती ओशाळून हसली. “म्हणून या दोन-तीन दिवसांत पहाटे उठून भरभर करून बघत होते.”