कुंपणाआतला आंबा

नीलाबाईने वीस वर्षांत आंबा खाल्ला नव्हता. कैरीची फोडसुद्धा नाही. जंगली आंब्यांची पाहणी करायला मी अहेरीकडच्या या गावात आले आणि तिच्याच घरी खोली घेतली, म्हणून मला हे कळलं. मी नागभीडची, वनस्पतीशास्त्र शिकलेली. आधी मला वाटलं, तिला आंबा सोसत नसावा.

"सोसत नाई कायचं," तिचा मुलगा झिंगू हसला. "देवाले देल्याबिगर नवा आंबा खायचा नसते, ताई. मरका पंडुम, म्हंजे आंब्याचा सण, करा लागते. अन् तेही आपल्याच गावच्या देवापुढं."

त्यांचा देव इंद्रावतीच्या पलीकडे राहिला होता. झिंगू लहान असताना गाव पेटलं आणि माणसं नदी उतरून जमेल तिकडे गेली.

युद्धं का होतात, याबद्दल मी बरंच वाचलं होतं. डोंगरातलं लोखंड, जमिनीवरचा हक्क, कधीच न पोचलेले दवाखाने. पण जिचं घर जळलं ती काय सांगते, ते ऐकायचं होतं. नीलाबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती, तेव्हा मी विचारलं.

"एक आले, म्हनाले सडकेवरच्या कॅम्पात चला, नाई तं तुमी जंगलातल्या बंदूकवाल्याईचे. दुसरे आले, म्हनाले कॅम्पात गेले तं मारू. आता तूच सांग, आमी कोनाचे होतो?"

मी लोखंडाचं बोलले.

"डोंगर तं पह्यलेपासून लालच होता. त्याच्यासाठी कोनी येईन, हे आमाले काय मालूम?"

मागच्या हिवाळ्यात झिंगू तिकडे जाऊन आला होता. आता डांबरी रस्ता आहे, लाल माती भरून ट्रक जातात. घरं नाहीत. देवाजवळचं आंब्याचं झाड उभं आहे, पण खाणीच्या तारेच्या कुंपणाच्या आत, आणि कुंपणावर पहारा.

यंदा झिंगूने ठरवलं की पंडुम इथेच करायचा. त्याची चार वर्षांची चंदा शेजारी लपून कैरी खाताना सापडली होती. "लेकरू चोर होऊन राह्यलं," तो म्हणाला. इथला पुजारी लच्छू तयार झाला. अट एकच होती. घरातल्या मोठ्या माणसाने देवापुढे सांगायचं, की आजपासून आमचं गाव हे. मोठं माणूस म्हणजे नीलाबाई.

ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. पंडुमच्या आदल्या दिवशी मात्र माझ्याजवळ येऊन बसली.

"तू झाडाची शिकलेली. तिथली कोय आनून लावली, तं इथी तसाच आंबा येईन काय?"

हो म्हणणं सोपं होतं. पण कोयीतून उगवलेलं आंब्याचं झाड आईसारखं निघेलच असं नसतं. रानातल्या आंब्याची चव बहुधा त्या झाडापुरतीच असते. मी तसं सांगितलं.

"मंग झाडाकडंच जा लागते," ती म्हणाली, आणि उठून मोहफुलं उलथवायला लागली.

सकाळी गावाबाहेरच्या ऐनाच्या झाडाखाली सगळे जमले. लच्छूने देवापुढे कैऱ्या मांडल्या, झिंगूने कोंबडा धरला.

"नीलाबाई, तुमचं गाव कोनतं?" लच्छूने विचारलं.

तिने नदीपलीकडच्या गावाचं नाव घेतलं.

झिंगूची मान खाली गेली. लच्छू म्हणाला, "बाई, ऐकू कमी येते काय तुले? पुन्हा सांग."

तिने तेच नाव घेतलं. मग चंदाला पुढे ढकललं. "हिचं गाव हे. हिच्या बापाचंही हेच. त्याईले घे तुझ्या देवात. मले राहू दे."

लच्छूने चंदाला जवळ ओढलं. "चालते," तो म्हणाला. "देवाले एक बुढी कमी पडली तं पडू दे."

लोक हसले. झिंगू हसला नाही. कोंबडा देऊन झाल्यावर लच्छूने कैऱ्या वाटल्या. नीलाबाईपाशी येताच त्याचा हात थांबला आणि पुढे गेला.

चंदा कैरी खाऊन आजीच्या मांडीवर येऊन पडली. नीलाबाईने तिचा चिकट तळवा उघडून नाकाशी धरला, डोळे मिटले.

"आंबट हाय?"

"लय आंबट."

"आमचा कच्चाही गोड होता," ती म्हणाली. तळवा तिने सोडला नाही.