स्टँडसमोरची भिंत

गौसियाबीनं म्हातारीचं गाठोडं सोडूनसुद्धा पाहिलं नाही. होतं तसंच तिच्या काखेत परत दिलं आणि तिला हाताला धरून उभ्या गाडीकडे वळवलं.

"पाणी न्हाई, मावशी. पाऊस पडल्यावर या."

"मंग त्ये काय लिवलंय? आमच्या नातवानं वाचून दावलं की."

"लिवलेलं खरं न्हाई आता. बसा, गाडी सुटायलीय."

म्हातारी पुटपुटत गाडीत चढली. ती काय पुटपुटली असेल हे गौसियाबीला न ऐकताही कळत होतं.

औशाच्या स्टँडसमोर रस्त्यापलीकडे एक लांबलचक भिंत होती आणि तिच्यावर हातभर उंचीच्या अक्षरांत 'गौसिया रंगाई, जुन्या लुगड्याला नवा रंग' असं लिहिलेलं होतं. शेजारी लुगडं वाळत घालणारी एक बाई काढलेली होती. ती गौसियाबीपेक्षा चांगलीच गोरी, अंगानं भरलेली, आणि वर हसत होती. रंगवणाऱ्याचं काय जातंय?

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी ज्याला त्याला पाटीचं वेड लागलं होतं. आता कलेक्टर येणार, कचेऱ्या येणार, माणसं येणार, मग आपलं नाव त्यांच्या डोळ्यांत भरायला नको का? लातूरच्या एका जाहिरातवाल्यानं औशात दुकानोदुकान फिरून करार केले. भिंत दोन वर्षांची, पैसे महिन्याच्या हप्त्यानं. नवरा गेल्यापासून रंगाचा धंदा गौसियाबी एकटीच ओढत होती. तिनंही हौसेनं शंभराची नोट इसार म्हणून काढून दिली आणि कागदावर सही केली.

पुढचा पावसाळा कोरडा गेला. विहिरींनी तळ दाखवला, गाव टँकरवर आलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तिनं भट्टी विझवली, गोधड्या शिवायला घेतल्या आणि लातूरच्या ऑफिसात जाऊन सांगून आली की सौदा मोडला, माझा इसार बुडाला, भिंत पुसून टाका. बाजाराची ही रीत तिनं लहानपणापासून पाहिलेली. बैल असो नाहीतर घर, सौदा मोडणाऱ्यानं इसारावर पाणी सोडायचं, मग कुणी कुणाचं काही लागत नाही. ऑफिसातल्या माणसानं मानही हलवली होती. चार माणसांसमोर शब्द झाला म्हणजे काम झालं असं समजून ती निर्धास्त घरी आली, आणि तिथंच चुकली. तिनं लिहून काही दिलं नव्हतं. भिंत तशीच राहिली, आणि घरी नोटिसा येऊ लागल्या.

नोटिसांचं तिला एवढं वाटलं नाही. पण भिंत वाचून खेड्यापाड्यांतून बायका येत होत्या, पदरचं भाडं घालून, दुष्काळाच्या दिवसांत. आपल्या नावानं माणसं फसतायत हे तिच्या जिवाला फार लागलं होतं. म्हणून ती रोज सकाळी स्टँडवर येऊन उभी राहायची आणि गाठोडंवाली दिसली की तिला तिथूनच परत पाठवायची.

त्या दिवशी लातूरच्या गाडीतून जाहिरातवाल्याच्या वसुलीचा चंद्रप्पा उतरला. उदगीरच्या बैलबाजारातल्या दलालाचा हा मुलगा. बगलेत रेक्झिनची बॅग, आणि चेहरा तगादेवाल्याला शोभण्यापेक्षा जरा जास्तच सोशिक.

"गौसियाबी, हप्ते लई तुंबलेत."

"माझा सौदा मोडलाय. इसार सोडलाय मी."

"तो इसार नव्हता. पहिला हप्ता होता. कागदावर तसंच हाय."

"चंद्रप्पा, तुमच्या बापानं उभी हयात बैलांचे सौदे केले. इसार म्हंजी काय, ते मी सांगू तुमाला?"

चंद्रप्पानं बॅग या बगलेतून त्या बगलेत घेतली.

"बाजार येगळा, कंपनी येगळी. साहेब म्हणायलेत, पैसे न्हाईत तर तिचा तांब्याचा हंडा उचलून आणा."

"न्या की. भट्टीवरच हाय, कोरडा ठाक." ती शांतपणे म्हणाली. "पर हंडा नेला तरी माझं नाव तिथंच ऱ्हाणार. मला हंड्याची न्हाई, नावाची पडलीय. आधी त्ये पुसा, मंग हंड्याचं बोला."

एवढ्यात दुसरी गाडी लागली आणि ती बोलणं अर्धवट टाकून तिकडे गेली. गाडीतून एक तरणा गडी उतरला, हातात बायकोची लुगडी. तिनं त्याला पाणी नसल्याचं सांगितलं तेव्हा तो वाटेल तसं बोलला. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असंही ऐकवून गेला. तिनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि त्याला परतीची गाडी दाखवली. चंद्रप्पा बाकावर बसून हे पाहत होता. हंड्याचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

पुढच्या बाजारच्या दिवशी तो आला तो लगबगीनंच.

"सुटलात तुमी. बोअरवाल्या कंपनीला हीच भिंत पायजे. दुप्पट पैसे द्यायलेत. साहेब म्हणले, बाईचा करार रद्द, थकलेलं माफ."

पाणी आटलं की पाणी काढून देणाऱ्यांच्या पाट्या चढतात, हा दुष्काळाचा नेमच आहे. गौसियाबीला त्याचं काही नव्हतं. तिनं फक्त डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला.

"एकच हाय," चंद्रप्पा म्हणाला. "पुसायचं काम तुमचं, आन त्ये आजच. सकाळी त्यांचा पेंटर येणार. भिंत तयार नसली तर ते दुसरीकडं जातील, मंग तुमचा करार हाय तसा चालू. थकलेलं समदं भरावं लागंल, पुढचंबी."

"आजच पुसते," ती म्हणाली आणि सफेदी करणाऱ्या नागप्पाला हाक मारायला निघालीसुद्धा.

नागप्पा चुन्याचं पोतं, बादली आणि कुंचा घेऊन भिंतीशी आला. चुना बादलीत ओतला आणि गौसियाबीकडे पाहत उभा राहिला.

"पाणी?"

हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. घरात एक घागर होती, पुढच्या टँकरपर्यंतची. तिनं क्षणभर विचार केला. शेजारची आबेदा तांब्याभर देईल, निघतील दोन दिवस. ती गेली आणि घागर कमरेवर घेऊन आली. नाव पुसल्याशिवाय आज माघार घ्यायची नाही, हे तिनं पक्कं केलं होतं.

घागर खाली टेकवते न टेकवते तोच स्टँडकडून एक बाई रस्ता ओलांडून आली. उन्हानं रापलेला चेहरा, हातात कापडी पिशवी.

"रंगवाल्या बाई तुमीच ना? मी केवळाबाई. शिरूर अनंतपाळची. लातूरला गाडी बदलून आले."

"पाणी न्हाई, बाई," गौसियाबी सवयीनं म्हणाली.

केवळाबाईनं घागरीकडे पाहिलं.

"त्ये चुन्याला हाय. नाव पुसायचंय."

"आसं." केवळाबाई जरा थांबली. मग तिनं पिशवीतून घडी काढली. "लेकीला झेडपीत नोकरी लागली. शिपायाची. आमच्या घरातली पहिलीच. सोमवारी हजर व्हायचंय. तिला नेसायला हे माझं पातळ हाय, बरं त्येवढंच. रंग कोणताबी द्या, ठिगळं तेवढी दिसू नयेत." आणि पुन्हा घडी घालत म्हणाली, "पर पाणीच न्हाई म्हणल्यावर ऱ्हाऊ द्या."

ती रागानं बोलली असती तर गौसियाबीनं ऐकून घेतलं असतं. आजवर ऐकतच आली होती. पण बाई मुकाट्यानं परत निघाली.

"बघू," गौसियाबी म्हणाली आणि पातळ हातात घेतलं. कापड दोन बोटांत चोळून पाहिलं. ठिगळं दोन होती, दोन वेगळ्या कापडांची. हलका रंग त्यांना झाकणार नव्हता. गर्द निळाच पाहिजे, मीठ जरा जास्त. एका पातळाला एक घागर पुरते.

"वतू का?" नागप्पानं घागरीच्या गळ्याला हात घातला होता.

गौसियाबीनं त्याच्या हातावर हात ठेवला.

"थांब."

चंद्रप्पा स्टँडच्या बाकावरून उठून रस्ता ओलांडून आला. "गौसियाबी, आज पुसलं न्हाई तर माझ्या हातात काय ऱ्हाणार न्हाई. येवढी भांडलात तुमी ह्याच्यासाठी."

"ठाव हाय मला."

तिला स्वतःचाच राग आला, आणि भिंतीवर हसत बसलेल्या त्या गोऱ्या बाईचाही. मग तिनं खाली वाकून घागर कमरेवर घेतली. "चला," ती केवळाबाईला म्हणाली, "भट्टी पेटवू लागा मला." केवळाबाई पिशवी सावरत तिच्या मागं निघाली. पाणी हिंदकळू नये म्हणून गौसियाबी बेतानं पावलं टाकत होती.

"आवं, पर साहेबांना काय सांगू मी?" चंद्रप्पानं मागून विचारलं.

"सांगा," ती मागं न बघता म्हणाली, "दुकान उघडं हाय."