थोरल्यांच्या पायाखालची पायरी

जिन्याला न जोडलेली पायरी तुम्ही कधी पाहिली आहे का, मित्रांनो? मी तशीच एक जुनी, वीतभर उंचीची लाकडी पायरी आहे. आज मी संग्रहालयात असते. पण एके काळी एका देशाचे पहिले पंतप्रधान माझ्यावर उभे राहून बोलत असत. लोक त्यांना प्रेमाने ‘थोरले’ म्हणत.

माझा जन्म एका घोटाळ्यातून झाला. परकी राजवट संपली, त्या दिवशीच्या पहिल्या भाषणासाठी एका मिस्त्रींनी मोठ्या हौसेने उंच मेज केले. थोरल्यांना त्यांनी कधी पाहिले नव्हते. रेडिओवर आवाज तेवढा ऐकला होता. एवढा भारदस्त आवाज म्हणजे माणूस ताडमाड असणार, असे धरून त्यांनी मापच घेतले नाही! सकाळी थोरले मेजामागे उभे राहिले, तर समोरून दिसले ते नुसते कपाळ.

मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखे झाले. बाहेर मैदान माणसांनी फुलले होते, घोषणांनी खिडक्यांची तावदाने हादरत होती. थोरले मात्र खदखदून हसले.

“मिस्त्री, आवाजाचं माप अगदी बरोबर घेतलंत,” ते म्हणाले. “आता जरा पायांचं बघा.”

उरलेल्या फळ्या, मूठभर खिळे आणि धडाधड हातोडा! बघता बघता मी तयार झाले. मेज बाहेर मंचावर नेले आणि अंगावर भुसा तसाच असताना मला त्याच्यामागे सरकवले. थोरले माझ्यावर चढले आणि असा जल्लोष उठला, की माझे खिळे झणझणले. त्यांचा आवाज खणखणीत होता. पाय मात्र थरथरत होते. ते फक्त मला कळले.

मग मी त्यांचीच झाले. शाळा, गिरण्या, धरणे, सभागृहे. जिथे ते, तिथे मी. फोटोंत मात्र मी कधी आले नाही. त्यामुळे सारा देश त्यांना धिप्पाड समजत राहिला.

ते गेले आणि मी अडगळीत पडले. पुढे त्यांच्या घराचे संग्रहालय करायचे ठरले. अधिकाऱ्यांनी त्यांचा मेणाचा पुतळा मागवला, तो चांगला सहा फुटी! थोरल्यांचा कोट त्याच्या कोपरांवरच अडकला. उद्घाटन दुसऱ्या दिवशी. शिंप्याला नवा मोठा कोट शिवायला सांगितला आणि मला भंगाराच्या हातगाडीवर टाकले. तेवढ्यात थोरल्यांच्या लेकीने हातगाडी थांबवली, मला उचलले आणि तडक आत आणले.

अधिकारी अजिजीने म्हणाले, “ताई, लोकांच्या मनात साहेब उंच आहेत. उद्या शाळेची मुलं येणार, त्यांचा हिरमोड होईल हो.”

“मुलं स्वतःच बुटकी असतात,” ताई म्हणाल्या. “त्यांना बाबा लगेच पटतील.”

अधिकाऱ्यांनी शिंप्याला परत पाठवले. पुतळा तिथून हटवला आणि तोच जुना कोट साध्या खुंटीवर, थोरल्यांच्या खांद्यांच्या उंचीवर टांगला गेला. सकाळी मुलांचा लोंढा आत शिरला. एक मुलगी कोटाला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, “अरे, हे तर माझ्या आजीएवढेच!” मग काय, कोटाशी उंची लावून बघायला रांगच लागली. त्या कल्ल्यात मला पुन्हा तरुण झाल्यासारखे वाटले.

मित्रांनो, मोठ्या माणसांची आठवण जपा, पण त्यांची उंची वाढवू नका. माझ्यावरही खुशाल चढा. माझी एक फळी डुगडुगते, तिला खिळा ठोका. फक्त मला रंधा मारू नका. माझ्या पुढच्या कडेला दोन खळगे आहेत. माझ्यावर उभे राहूनसुद्धा थोरले चवड्यांवर उंच होत, शेवटच्या रांगेतला माणूस दिसावा म्हणून.