आडवं झाड

“आला,” नॉर्बर्ट म्हणाले, आणि आखूड काठीचं टोक पुरतं वाकायच्या आत त्यांनी मनगटाला हलका हिसका दिला. दोरा ते हातानेच ओढत गेले, सावकाश, कारण व्हाइटफिशचं तोंड मऊ असतं आणि घाई केली की ते फाटून गळ सुटतो. बर्फाच्या भोकातून पाणी उसळलं, पाठोपाठ चंदेरी मासा खोपटाच्या फळ्यांवर येऊन पडला आणि पोटातले गोबी जातीचे दोन अर्धवट पचलेले चिमुकले मासे त्याने मार्लिसच्या बुटांवर ओकले.

“नेम चांगला आहे गड्याचा.”

“तुम्हीच शिकवला असेल, बाबा.”

म्हाताऱ्याचा हात जराही थरथरत नव्हता. ते बघून मार्लिसला इतकं बरं वाटलं की तिने बुटांकडे पाहिलंसुद्धा नाही. गेल्या शरदापासून घरात नाही नाही ते चाललं होतं. बटाटे उकडायला ठेवून बाबा होडी रंगवायला गेले आणि पातेल्याचा कोळसा झाला. आई जाऊन किती वर्षं झाली, तरी दोनदा त्यांनी टेबलावर तिचं ताट मांडलं. मिलवॉकीला राहणारा तिचा भाऊ फोनवर ओरडत होता, त्यांना आता बर्फावर सोडू नकोस म्हणून. भाऊ लांब राहून शहाणपणा शिकवण्यात पहिल्यापासून पटाईत. म्हणूनच नाताळनंतर बारमध्ये शेजारच्या खोपटातल्या ड्वेन विर्लीने सगळ्यांच्या देखत विचारलं, यंदा झाडं कोण लावणार, तेव्हा मार्लिस फटकन म्हणाली होती, “म्हणजे काय? बाबाच.”

गावाने टाकून दिलेली नाताळची झाडं दरवर्षी गोठलेल्या खाडीवर जातात. काठापासून मासेमारीच्या खोपटांपर्यंत बर्फात भोकं पाडून ती रोवायची. मग धुकं असो की हिमवादळ, झाडं धरून गाडी हाकली की माणूस घरी पोचतो. उभं झाड म्हणजे खालचा बर्फ तपासलेला. रस्त्यावर आडवं टाकलेलं झाड म्हणजे रस्ता बंद. रोवणारा आणि पाडणारा माणूस एकच, इतरांनी हात लावायचा नाही. मार्लिस शाळेत होती तेव्हापासून तो माणूस नॉर्बर्ट लॅम्परर होता, आणि या काठावरची माणसं स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्यांच्या झाडांवर जास्त भरवसा ठेवत.

परवाच मासे दक्षिणेला सरकले म्हणून सगळी खोपटं इकडे ओढून आणली होती. जुनी झाडं उपटून बाबांनी एकट्याने नवा रस्ता आखला. कालपर्यंत थंडी कडक होती. आज सकाळी ते त्याच रस्त्याने आले तेव्हा धुकं इतकं दाट होतं की पुढच्या झाडाखेरीज मार्लिसला काहीच दिसलं नव्हतं.

खोपटाचं दार ढकलून ड्वेन आत आला. त्याच्याबरोबर ओली, उबदार हवा आली.

“काय नॉर्बर्ट, खाडी रिकामी केलीत की आमच्यासाठी काही ठेवलंय?”

“तुझ्यासाठी दोन गोबी ठेवलेत. तिच्या बुटावर आहेत, घे पुसून.”

ड्वेन हसला आणि न विचारता त्यांच्या थर्मासमधून झाकणभर बूया ओतून घेतला. कोंबडीचा तो दाट रस्सा दुपारपर्यंत नुसता कोमट उरला होता, पण ड्वेनला फुकटचं काहीही गोड लागतं.

“वारा फिरलाय,” तो म्हणाला. “दक्षिणेचा सुटलाय. अंधार पडायच्या आत निघावं म्हणतायत सगळे. तुम्ही पुढे, आम्ही मागे, नेहमीसारखं.” झाकण चाटूनपुसून त्याने परत ठेवलं. “रस्ता मात्र भलताच वळवलात हो. एवढी वर्षं चर्चचा मनोरा नाकासमोर ठेवून जायची सवय. आता बघतो तर मनोरा डाव्या हाताला. मी भावाला म्हटलं, नॉर्बर्टनी काहीतरी बघितलं असेल.”

“नेहमीच्या बाजूला भेग आहे,” बाबा म्हणाले.

“मोठी?”

“जाता येणार नाही एवढी.”

“मग झालं तर.” ड्वेन टोपी सारखी करून निघून गेला.

मार्लिसने गोबी बुटावरून भोकात ढकलले. “बाबा, भेग नक्की कुठे आहे?”

“क्लेटसने दाखवली ना. त्यालाच विचार. येतोच आहे तो मागून.”

त्यांनी गळ पुन्हा पाण्यात सोडला. मार्लिसच्या हातातलं थर्मासचं झाकण लागेना. ती ते नुसतं फिरवत राहिली.

क्लेटसकाका बाबांचा धाकटा भाऊ. मार्लिस दुसरीत असताना, अशाच एका ओल्या, उबदार संध्याकाळी, दोघे भाऊ आपापल्या गाडीने घरी येत होते. बाबा पुढे, काका मागे. दीपस्तंभाच्या खडकाजवळ पाण्याला ओढ आहे, तिथला बर्फ खालून झिजतो. बाबांनी काठावर पोचल्यावर मागे पाहिलं, तेव्हा मागे दिवेच नव्हते. त्यानंतर रस्ता खडकापासून लांब, मनोऱ्याच्या रोखाने गेला, आणि पुढल्या हिवाळ्यापासून झाडं बाबा लावू लागले. त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी अडवलंही नव्हतं.

“पाय मोकळे करून येते,” असं म्हणून तिने कोपऱ्यातली पहार उचलली.

बाहेर धुकं निवळलं होतं. झाडांची रांग देखणी होती. एकही झाड कललेलं नव्हतं. ती रांग खोपटांपासून निघून मनोरा डावीकडे टाकत सरळ दीपस्तंभाच्या खडकाकडे जात होती. हा रस्ता मार्लिसने लहानपणी मागच्या सीटवरून पाहिला होता. बाबांनी नवा रस्ता आखलाच नव्हता. त्यांनी तो आठवला होता.

ती झाडांच्या कडेने चालत गेली, दर काही पावलांवर पहार आपटत. बराच वेळ खणखणीत आवाज येत राहिला आणि तिला वाटलं, उगीच घाबरतोय आपण. मग फांदीला चंदेरी झिरमिळी अडकलेलं एक झाड आलं आणि तिथे आवाज बद्द झाला. तिने पुन्हा मारली. पुढच्या घावाला पहार आरपार गेली, तिच्या हातांतून सुटता सुटता राहिली, आणि काळं पाणी वर येऊन बर्फावर पसरलं. रात्रीच्या गारठ्याने जो बर्फ कसाबसा धरून ठेवला होता, त्यावरून सकाळी सगळ्यांच्या गाड्या गेल्या होत्या.

मार्लिसने गुडघ्यांवर बसून उसळत्या पाण्यातून पहार ओढून काढली. भावाचा राग आला, कारण तो बरोबर होता. स्वतःचा तर इतका आला की तिथेच बसून रडावंसं वाटलं. पण खरं बोललं तर आज रात्रीच्या आत सगळ्या बारला कळणार होतं. उद्यापासून नॉर्बर्टकडे माणसं दयेने बघणार, आणि बाबा बटाटे विसरत असले तरी दया लगेच ओळखतील. परतताना ती बर्फाकडे बघत होती, आणि काय बोलायचं ते जुळवत होती.

खोपटांपाशी गाड्या रांगेत लागल्या होत्या, एकमेकींपासून चांगल्या लांब, म्हणजे बर्फावर एका जागी भार येत नाही. काचा खाली केलेल्या, पट्टे कुणी लावलेले नाहीत. बर्फावर असंच जायचं असतं, गाडी खाली गेलीच तर पटकन बाहेर पडता यावं म्हणून. बाबा पहिल्या गाडीत स्टिअरिंगशी बसले होते. मार्लिस त्यांच्यापाशी न थांबता ड्वेनकडे गेली.

“बाबा म्हणतायत, आज मनोऱ्याकडून जायचं. परवापर्यंत यायचो तसं.”

“तिकडे भेग आहे ना?”

“नाही. म्हणजे, आहे, पण तशी नाही. मी पुढे पहार मारत चालते.”

ड्वेनने पहारीचं ओलं टोक पाहिलं. मग तिची कोपरापर्यंत भिजलेली बाही पाहिली. मग बराच वेळ तो पुढच्या गाडीतल्या पांढऱ्या डोक्याकडे बघत राहिला.

“नॉर्बर्ट म्हणतायत ना?”

“हो.”

“मग पहार दे इकडे. मी चालतो पुढे. माझी गाडी भाऊ आणेल.” त्याने फोन काढला आणि काठावरच्या बारला कळवलं, की नॉर्बर्टनी रस्ता बंद केलाय, संध्याकाळी कुणी झाडं धरून येऊ नका.

मार्लिस रांगेतल्या पहिल्या झाडाकडे धावली. खोड बर्फात घट्ट गोठलं होतं. तिने दोन्ही हातांनी हिसके दिले, सुया हातमोज्यांतून टोचल्या, झाड हललं नाही.

“हात लावू नकोस.”

बाबा गाडीतून उतरून आले होते. सगळ्यांच्या देखत त्यांनी हे जोरात म्हटलं होतं आणि मार्लिसचे हात खाली आले. आता ते विचारणार, कुणी सांगितलं रस्ता बंद म्हणून, आणि आपल्याला सांगावं लागणार. बाबांनी झाडांच्या रांगेवरून नजर पार खडकापर्यंत नेली आणि तिथेच ठेवली. वाऱ्याने त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते त्यांनी पुसलं नाही.

मग त्यांनी टाचेने खोडाच्या मुळाशी एक लाथ घातली, खोडाला मिठी मारून ते एकदा पिळलं आणि झाड वर आलं. त्यांनी ते रस्त्यावर आडवं टाकलं, फांद्या नीट पसरल्या, लांबूनही चुकणार नाही अशा.

“क्लेटसला दिसलं पाहिजे,” ते म्हणाले.

ड्वेनने टोपी काढली आणि लगेच परत घातली.

बाबा गाडीकडे गेले, पण स्टिअरिंगच्या बाजूला नाही. ते दुसऱ्या बाजूने चढून बसले आणि हात मांडीवर ठेवले. आजवर मार्लिसने त्यांची गाडी बर्फावर कधी चालवली नव्हती. तिने किल्ली फिरवली. पुढे ड्वेन पहार आपटत चालत होता, त्याच्या पलीकडे मनोरा थेट नाकासमोर होता. उघड्या काचांतून उबदार वारा येत होता आणि दक्षिणेकडे कुठेतरी लांबवर बर्फ कण्हत होता.

“मागे बघ जरा,” बाबा म्हणाले. “येतोय का तो?”

मार्लिसने आरशात पाहिलं. ड्वेनच्या भावाने गाडीचे दिवे लावले होते.

“येतोय, बाबा.”

“दिवे दिसतायत?”

“दोन्ही.”

त्यांनी श्वास सोडला, तो बराच वेळ सुटत राहिला. “मग हळू घे. गाठू दे त्याला.”

बर्फावर दोन गाड्यांनी जवळ यायचं नसतं, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

“हळूच घेतलीय, बाबा,” ती म्हणाली, आणि आरशातले दिवे होते तेवढेच लांब राहतील अशा बेताने गाडी पुढे नेत राहिली.