पाहणीपुरता गारवा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे, शीतगृहाचा. जुना म्हणजे बारा वर्षांचा. पण खरोखर कामाचे दिवस मोजाल तर तेही बाराच, वर्षाला एक.

कारखान्यात माझी रबरी पट्टी बसवताना कारागीर म्हणाला होता, "आतला गारवा बाहेर जाईल, काय बिशाद!" तेव्हा माझी छाती फुगली होती. मागास भागाचा विकास करायचा, इथला नाशवंत माल टिकवायचा, म्हणून सरकारी योजनेतून मला इथे आणले. फीत कापली, टाळ्या पडल्या. विजेची लाइन मात्र पुढच्या टप्प्यात होती आणि त्या टप्प्याचा निधी वेशीवरच्या स्वागतकमानीत जिरला. कमान छान दिसते म्हणे. मला तिच्या नावाचाही वीट आला आहे.

तेव्हापासून दरवर्षी पाहणीच्या दिवशी भाड्याचा जनरेटर येतो. मला पुसतात, रिकामी खोकी रचतात, फोटो काढतात आणि संध्याकाळी गाशा गुंडाळतात. यंदा मात्र योजनेच्या साहेबांना फोटोत खरा माल हवा होता.

शेजारच्या बागेतल्या मावशी अंजिराच्या चाळीस पेट्या घेऊन आल्या. झाडांना पहिल्यांदाच फळ धरले होते. "हा माल टिकला तर लेक शहरातली नोकरी सोडून घरी येणार आहे," त्या म्हणाल्या. "चार दिवस राहील ना हो नीट?"

"अहो मावशी, तुमच्यासाठीच तर आहे हे सगळं!" साहेब म्हणाले.

फोटो निघाला. मावशी निर्धास्त घरी गेल्या. त्यांच्या मागोमाग जनरेटर गेला आणि मला कुलूप घालून साहेबही किल्लीसकट गेले.

आतले बाहेर जाऊ द्यायचे नाही, हे माझे काम. ते मी चोख केले. गारवा उरला नव्हता, तर उकाडा कोंडून धरला. चौथ्या दिवशी मला उघडले तेव्हा पेट्यांतून काळपट रस उंबऱ्यावर ओघळत होता. मित्रांनो, मला माझीच किळस आली.

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "माल आधीच जास्त पिकलेला असणार."

मावशींनी लेकीला फोन लावला. "तू नको येऊस गं. तिथेच बरी आहेस."

अहवालात तोच फोटो आहे. खाली लिहिले आहे, 'पूर्ण क्षमतेने वापर'. शी!

मित्रांनो, मला पुसू नका, रंगही देऊ नका. वीज द्या. तेवढेही जमत नसेल तर मला बिजागऱ्यांतून उचकटा आणि मावशींच्या अंगणात उन्हात आडवा टाका. पुढच्या वर्षीचे अंजीर माझ्यावर वाळत तरी घालता येतील.